दोन हजार चौऱ्याऐंशी टप्पे

लेक अमेरिकेतून फोनवर म्हणाली, "आप्पा, तिकडून इकडं साडेबारा हजार किलोमीटर आहे, पण थेट विमान आहे, सोळा तासांत पोचाल." तिला वाटलं मी अंतर ऐकून दचकेन. मी फोन ठेवला आणि पहिलं काम काय केलं, तर साडेबारा हजाराला सहानं भागलं.

कारण एसटीत टप्पा सहा किलोमीटरचा. एकतीस वर्षं मी याच हिशोबावर पोट भरलं. कंडक्टर होतो, कराडला. पुढं मशीन आलं, पण अंगवळणी पडलेलं गणित काही जात नाही. २,०८३ टप्पे आणि वर दोन किलोमीटर. आमच्याकडं वरचे दोन सोडत नाहीत, ते पुढच्या टप्प्यात धरायचे. म्हणजे मुंबई ते न्यूयॉर्क २,०८४ टप्पे. साध्या गाडीला टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास धरले, तर वीस-एकवीस हजार. मला पासष्टच्या वरचा म्हणून अर्धं, बायकोला बाई म्हणून अर्धं. लेकीनं विमानाला किती भरले ते तिनं अजून सांगितलेलं नाही, आणि जावईबापूंना विचारायची माझी छाती नाही.

रनिंग टाइमही काढून बघितला. आमची साधी गाडी थांबत, चढत, उतरत ताशी पस्तिसानं जाते. रस्ता असता आणि रात्रंदिवस चालवली असती, तर पंधरा दिवस. हे बायकोला सांगितलं तर म्हणाली, "आणि तुम्ही मधे चहाला थांबवणार, म्हणजे वीस."

आम्ही २०२५ च्या सप्टेंबरात गेलो. लेक एडिसनला असते, न्यू जर्सीत. विमान न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरणार आणि जावई न्यायला येणार. मी खिशात एक छोटी वही ठेवली होती. वे-बिल, म्हणजे कंडक्टरचा फेरीच्या नोंदीचा कागद, लिहायची सवय. कुठून किती वाजता सुटलो, कुठं किती वाजता पोचलो. वहीत जे उतरलं ते असं.

रविवारी दुपारी एकला कराडच्या घरातून निघालो. भाच्याची गाडी होती. पुणे बाहेरून टाकलं, पण खंडाळ्याच्या घाटात कंटेनर बंद पडला होता, पुढं वाशीला गर्दी. रात्री नऊला मुंबई विमानतळ. कराड ते तिथपर्यंत तीनशे पंधरा किलोमीटर, आठ तास. मग रांगा. सामानाची रांग, पासपोर्टची रांग, तपासणीची रांग. पट्टा काढा, घड्याळ काढा. बायकोच्या बांगड्यांवरून दहा मिनिटं गेली. विमान सुटलं सोमवारी पहाटे दोनला दहा कमी असताना. सोळा तास दहा मिनिटं हवेत. तिकडं सकाळचे साडेआठ. परत रांग, बोटांचे ठसे, "किती दिवस राहणार", पट्ट्यावरच्या बॅगा; तिथं दीड तास. मग साठ किलोमीटर मोटारीनं, सव्वा तास. घराच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा तिथं सव्वाअकरा आणि कराडात रात्रीचे पावणेनऊ.

घरातून घरात पावणेबत्तीस तास.

नातू शाळेत गेला होता, लेक चहा टाकत होती, आणि मी स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून बेरीज मारली. ती बघून हसूच आलं. विमानानं साडेबारा हजार किलोमीटर सोळा तासांत तोडले. आणि उरलेल्या पावणेचारशेला, म्हणजे कराड-मुंबई आणि विमानतळ-एडिसन मिळून, रांगांसकट साडेपंधरा तास. कराडहून चिपळूणला जाऊन परत यायचं म्हटलं तर दोनशे किलोमीटर होतात. त्या फेऱ्या मी एकाच दिवसात केल्या आहेत. सातासमुद्रापलीकडं म्हणतात ते अंतर निम्म्या वेळात उरकलं, निम्मा वेळ खंडाळा, वाशी आणि बांगड्यांनी खाल्ला. गाडी कधीच लांब नसते, थांबे लांब असतात. हे कुठल्याही कंडक्टरला विचारा.

आता विमानातलं. खिडकी बायकोला दिली, मी मधे. समोरच्या खुर्चीच्या पाठीला पडदा, त्यावर नकाशा लावता येतो. ती सिनेमा बघत होती, मी नकाशा. सोळा तासांतले निम्मे तरी मी तो नकाशाच बघितला असेल. शेजारचा पोरगा मला म्हणाला, "काका, झोपा की." त्याला काय सांगणार, कंडक्टर गाडीत झोपत नसतो. सीटबेल्टच्या दिव्याची टिंग वाजली की मला दरवेळी वाटायचं कुणाला तरी उतरायचंय. एकदा डोळा लागला होता, टिंग टिंग दोनदा वाजली, आणि मी तोंडातल्या तोंडात "जाऊ दे" म्हणालो. डबल बेल म्हणजे गाडी सोडा. बायकोनं ऐकलं. आता ती ते सगळ्यांना सांगते.

नकाशात एक गोष्ट मला खटकत होती. सुटताना पडद्यावर पुढचं अंतर तेरा हजार चारशेच्या घरात दाखवत होतं. लेकीनं तर साडेबारा सांगितलेलं. वरचे नऊशे किलोमीटर, म्हणजे दीडशे टप्पे, कुठून आले? विमान सुटल्यावर सरळ अरबी समुद्रावर शिरलं. मस्कतच्या बाजूनं, मग सौदीचं वाळवंट, भूमध्य समुद्र, युरोप, आयर्लंड, मग नुसता अटलांटिक.

पोचल्यावर जावयांनी उलगडा केला. २०२५ च्या एप्रिलच्या अखेरीपासून पाकिस्ताननं आपल्या विमानांना त्यांचं आकाश बंद केलंय, आणि आपण त्यांना आपलं. २०१९ मध्येही चार-पाच महिने असंच बंद होतं. मुंबईहून न्यूयॉर्कची सरळ वाट पाकिस्तान, अफगाणिस्तान, पुढं रशिया अशी आहे, ती सोडून पश्चिमेकडून वळसा. तिकडं अमेरिकेच्या विमानांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. म्हटलं, म्हणजे दरड कोसळली की आपलं व्हायचं तसंच. कुंभार्ली घाट बंद झाला की कराड-चिपळूण गाडी आंबा घाटाकडून फिरायची. वाट लांबली म्हणून चिपळूण काही लांब जात नाही, पण प्रवासी मात्र कंडक्टरलाच विचारतात, का हो, एवढा उशीर?

पण सरळ वाट उत्तरेकडून कशी, हे माझ्या डोक्यात शिरेना. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला आहे. पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान आणि आफ्रिकेच्या वाळवंटावरून जाते. मग रशिया कशाला?

हे नातवानं समजावलं. तो नऊ वर्षांचा आहे. ऑक्टोबर लागला होता आणि तिकडं ऑक्टोबरात दारोदार भोपळे मांडतात, डोळे-नाक कोरून. याच्याकडंही एक होता, अजून न कोरलेला. त्यानं दोन टूथपिक आणल्या. एक भोपळ्याच्या पोटावर जरा वर खुपसली, "ही मुंबई, आबा." दुसरी पाठीमागच्या बाजूला, आणखी वर, "हे न्यूयॉर्क." बायकोचा विणकामाचा लोकरीचा धागा घेतला, मुंबईला गाठ मारली आणि मला म्हणाला, आता ओढा. मी आधी आडवा, पोटाभोवतीनं ओढून बघितला. मग त्यानं माझा हात धरून धागा वर सरकवला, देठाच्या बाजूनं. वीतभर धाग्यातला दोन बोटं धागा उरला.

मी तो धागा तीनदा ओढून बघितला. जग अर्धं फिरून जायचं असलं की कमरेभोवती जाण्यापेक्षा खांद्यावरून जाणं जवळ पडतं. मुंबई एकोणीस अक्षांशावर, न्यूयॉर्क जवळजवळ एक्केचाळीसवर, पण मधली जवळची वाट चौसष्ट-पासष्ट अक्षांशापर्यंत चढते. नॉर्वे, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा, आणि मग खाली. माझ्या शाळेतल्या नकाशानं मला साठ वर्षं फसवलं होतं. भोपळा जरा बसका होता, पृथ्वी इतकी बसकी नाही, पण मला पटायला तो पुरला.

बायको आतून ओरडली, "माझा धागा कुणी घेतला?" मग आली, टूथपिक खुपसलेला भोपळा बघितला आणि म्हणाली, "याचे मी घारगे करणार होते." नातवाला मी तेव्हा म्हातारीची गोष्ट सांगितली. तीही लेकीकडंच गेली होती, जंगलातून, वाघाला वाटेत थोपवून, आणि परत येताना भोपळ्यात बसून टुणूक टुणूक. त्यानं विचारलं, किती किलोमीटर होतं? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, एका टप्प्याचं असेल.

वेळेचं प्रकरण याहून अवघड. सोमवारी पहाटे निघालो आणि सोमवारी सकाळी पोचलो. घड्याळाप्रमाणं प्रवास सहा तास चाळीस मिनिटांचा. साडेनऊ तास मधे कुणीतरी खिशात घातले. पश्चिमेला जाताना विमान सूर्याच्या पुढं पळत असतं, सूर्य मागून येतो पण सावकाश गाठतो. म्हणून ती रात्र संपेचना. मी वहीत लिहून ठेवलंय: कराडच्या घड्याळात दुपारचा एक वाजून गेला तेव्हा बायकोच्या खिडकीत तांबडं फुटलं, खाली अटलांटिक. आदल्या दिवशी सूर्य मावळला तो वाटेत घाटात, पावणेसातच्या सुमाराला. अठरा तासांहून मोठी रात्र. मुक्कामी गाडीवरसुद्धा एवढी रात्र कधी काढली नाही.

यात माझी बीपीची गोळी अडकली. रोज सकाळी सातला. डब्याला सात कप्पे, वारांची अक्षरं घातलेली. विमानात आपल्या सातला मी सोमवारची घेतली. उतरलो तर परत सोमवारची सकाळ. कप्पा रिकामा. आता मंगळवारची घ्यायची का? मी घ्यायच्या बेतात होतो, हातात पाण्याची बाटली होती. बायकोनं हात धरला. "वार मोजू नका, तास मोजा. चोवीस झाले का?" झाले नव्हते. चौथी शिकलेली बाई, पण रेषाबिषा न सांगता तिनं ते सोडवलं. पुढं डॉक्टरांना फोन करून वेळ हळूहळू सरकवून घेतली.

झोप मात्र पहिले आठ-दहा दिवस बिघडली. पहाटे तीनला डोळे टक्क. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, साडेचारच्या पहिल्या गाडीला तीनलाच उठायचो. उठून त्या गल्लीत फिरायचो. सगळी घरं बंद, एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. गाव असून चहाची टपरी नाही, ही गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही. (ओक ट्री रोडला, तिथल्या आपल्या लोकांच्या बाजारात, चहा मिळतो, वडापावही मिळतो, पण पहाटे तीनला नाही.)

धाकट्या भावाला रोज फोन असायचा. माझे रात्रीचे आठ म्हणजे त्याचे पहाटेचे साडेपाच, गोठ्यात धार काढत असायचा. फोन कानाला, मागं म्हशीचा आवाज. दोन नोव्हेंबरनंतर तो फोन उचलेना. तीन दिवस. मी घाबरलो. मग कळलं, त्या दिवशी अमेरिकेत सगळ्यांनी घड्याळं एक तास मागं घेतली होती, दरवर्षी घेतात. माझे आठ आता त्याचे साडेसहा झाले होते आणि तो दूध घालायला डेअरीवर. मुंबई जागची हलली नव्हती, न्यूयॉर्कही नाही, आणि मधलं अंतर साडेनऊ तासांचं साडेदहा झालं. एसटीनं असं कधी एका रात्रीत वेळापत्रक बदललं असतं तर डेपोवर मोर्चा आला असता.

एका रविवारी जावई गाडीतून जाताना बोटानं दाखवत म्हणाले, "आप्पा, तिकडं रोझेल." एडिसनपासून वीस-पंचवीस किलोमीटर. मला नाव ओळखीचं वाटलं पण आठवेना, लेकीनं सांगितलं. आनंदीबाई जोशी. अमेरिकेत आल्या तेव्हा रोझेलमध्येच कार्पेंटर बाईंच्या घरी उतरल्या होत्या. कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या ७ एप्रिल १८८३ ला, न्यूयॉर्कला लागल्या ४ जूनला. अठ्ठावन्न दिवस. वय अठरा, नवरा बरोबर नाही. आम्ही दोघं सोळा तास गादीवर बसून आलो आणि गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत होतो. बायको बराच वेळ मागं वळून बघत होती. दिसण्यासारखं काही नव्हतं, एक पाटी आणि झाडं.

आणखी एक जुळणी सांगतो, ही मात्र आमच्या खात्याची. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर सुटली. आम्ही तो दिवस वर्धापनदिन म्हणून पाळतो. त्याच महिन्यात, बरोबर एक आठवड्यानं, ८ जूनला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, 'मलबार प्रिन्सेस', कैरो आणि जिनिव्हाला थांबत. म्हणजे लाल डबा सात दिवसांनी थोरला. न्यूयॉर्कला त्यांचं विमान जायला १९६० उजाडलं, तेही लंडनवरून. मधे न थांबता मुंबई-न्यूयॉर्क व्हायला २००७ चा ऑगस्ट. आमच्याकडंही 'विनाथांबा' पाटी लागायला वेळच लागला होता.

येताना डिसेंबर. सकाळी साडेअकराला सुटलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वीसला मुंबई. चौदा तास वीस मिनिटं. जाताना सोळा-दहा. तीच शहरं, तसंच विमान, एक तास पन्नास मिनिटांचा फरक. हे कोडं मात्र मला कुणी समजावायला लागलं नाही. पोफळीहून कुंभार्ली चढायला लागतो तेवढा वेळ उतरायला लागत नाही. आकाशात घाट नाही, पण वारा आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाऱ्याचा पट्टा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा सहज असतो आणि हिवाळ्यात त्याला आणखी जोर चढतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. जाताना अटलांटिकवर पडद्यावरचा वेग आठशेच्या खालीही उतरलेला मी बघितला होता. येताना त्याच समुद्रावर हजाराच्या वर पन्नास-साठ. मी बायकोला कोपरानं ढोसून दाखवलं. ती म्हणाली, "घरी जायचं म्हटलं की गाडी पळतेच."

भाच्याला बोलावलं नाही. टॅक्सीनं चेंबूरला मैत्री पार्कला आलो, बॅगा फुटपाथवर ठेवून उभे राहिलो. तिथं शेंगदाणेवाला होता. तीनच्या सुमारास सांगलीची गाडी आली. डिकी उघडून बॅगा टाकल्या, बायकोला खिडकी दिली. कंडक्टर पोरसवदा, मशीन गळ्यात. बॅगांवरच्या पट्ट्या बघून म्हणाला, "लांबून आलात वाटतं, काका?"

"हो," म्हटलं. "कराड, दोन. एक ज्येष्ठ, एक महिला."

त्यानं बटणं दाबली, कागद फाडून हातात दिला. दोघांचं मिळून एक पूर्ण तिकीट झालं. पनवेलच्या पुढं गाडी अडली, घाटात परत कुणीतरी बंद पडलं होतं. कराडला उतरलो तेव्हा रात्रीचे अकरा. आठ तास. वहीत लिहिलं आणि वे-बिल बंद केलं.